पितळ गोड्या पाण्याचं

गेल्या मे महिन्यात माझा आतेभाऊ मुंबईहून आला, तो एका हातात आंब्याची पेटी आणि दुसऱ्या हातात सिमेंटची रिकामी गोणी घेऊन. आंबे आईने आत नेले. गोणी त्याने मागच्या अंगणात फरशीवर उपडी केली. खणखणाट झाला आणि त्या आवाजावरून अण्णा बाहेर आले. अण्णा म्हणजे माझे वडील, त्याचा मामा. आमचं घर नाशिकच्या तांबट लेनमधलं. धातू पडल्याचा आवाज आला की आमच्याकडे माणूस जेवणावरून उठून येतो.

फरशीवर सहा कॉक पडले होते. सोबत भूछत्रासारखी टोपी असलेल्या सहा जाड नळ्या आणि होज चढवायची खाचांची सहा टोकं. सगळ्यांवर हिरवा कळंक, मधेमधे शिंपल्यांचे पांढरे ठसे. खाऱ्या पाण्याचा एक वास असतो, तो आमच्या अंगणात पहिल्यांदाच आला होता.

या भावाकडे २८ फुटी शिडाची होडी आहे, फायबरग्लासची, जुनी घेतलेली. नौदलातले दिलीप दोंदे २००९ साली म्हादेई ही शिडाची होडी घेऊन मुंबईहून एकटे निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २०१० मध्ये परत आले, तेव्हापासून याच्या डोक्यात शीड बसलं ते बसलंच. पावसाळ्याआधी मुंबईतल्या होड्या पाण्याबाहेर काढतात, तशी याचीही काढली. इंजिनाला थंड ठेवणारं पाणी ज्या होजमधून येतं तो होज बदलायला म्हणून यार्डातल्या माणसाने ओढला, तर होजबरोबर धातूचं टोकच तुटून त्याच्या हातात आलं. जोर लावावा लागला नाही. चहात भिजलेलं बिस्कीट मोडावं तसं.

"ताई, होडी पाण्यात असताना हे झालं असतं तर?" भाऊ म्हणाला. "वर लिहिलंय ब्राँझ. दुकानदारानेही ब्राँझच म्हणून दिलंय. तू धातू तपासतेस ना, मग सांग हे काय आहे."

मी सातपूरला एका फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत आहे. रोज सकाळी भट्टीतून नमुन्याची चकती येते, मशीनवर ठिणगी पाडायची आणि अर्ध्या मिनिटात धातूची कुंडली पडद्यावर. पण त्या संध्याकाळी मशीनपर्यंत जायची गरज नव्हती. अण्णांनी ते तुटलेलं टोक उचललं, तुटक्या कडेवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे पितळ आहे. होतं."

मी हॅकसॉ आणली आणि तो तुकडा पकडीत धरून आडवा कापला. ते दृश्य लिहिण्यासाठीच हा लेख लिहायला घेतलाय. नळीची भिंत जेमतेम चार मिलिमीटर. बाहेरून आणि आतून, दोन्ही बाजूंनी, पिकलेल्या लाल पेरूच्या गरासारखा गुलाबी थर. आणि मधोमध नखाच्या जाडीएवढी पिवळी रेघ. ती रेघ म्हणजे उरलेलं पितळ. गुलाबी भागावर मी स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबलं तर भुगा पडला. तरीही बाहेरून नळीचा आकार तोच, माप तेच, आटे जसेच्या तसे. व्हर्निअर लावला असता तर माप बरोबर आलं असतं.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. यंत्रावर कापायला सोपं जावं म्हणून त्यात थोडं शिसं घालतात. दुसऱ्या दिवशी मी तो पिवळा गाभा मशीनवर घेतला. तांबं ५८ टक्क्यांच्या आसपास, जस्त ३८, बाकी बरंचसं शिसं. बाजारात नळ, निप्पल, सॉकेट ज्यातून होतात ते हे साधं सळईचं पितळ. समुद्राच्या पाण्यात त्यातलं जस्त आधी जातं, कारण दोघांत जस्तच जास्त उतावळं. जस्त निघून गेलं की मागे उरतो तांब्याचा स्पंज, सगळा भोकाभोकांचा. त्याला रंग असतो, वजनही थोडंफार असतं, पण ताकद नसते. जस्ताचं प्रमाण साधारण १५ टक्क्यांच्या वर गेलं की ही भीती सुरू होते. इथे ३८ होतं.

हे आम्हाला कोणी इंग्रजी पुस्तकातून शिकवण्याआधी आमच्या आजीला ठाऊक होतं, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ती ताक राहू द्यायची नाही. "कळकेल," म्हणायची. आंबटाला धातू उतरतो, ताक हिरवट होतं, जीभ ओढते. कल्हईवाला आला की गल्लीतल्या बायका पातेली घेऊन रांग लावायच्या, ते याच भीतीपोटी. पितळेला अन्नापासून वेगळं ठेवणारा कथलाचा एक पातळ पडदा, एवढंच कल्हईचं काम. समुद्रात असा पडदा कोण लावणार? आणि तिथे ताक रात्रभर नाही, वर्षानुवर्षं उभं आहे.

"पितळ उघडं पडलं" असं आपण माणसाबद्दल बोलतो. त्या दिवशी मला तो शब्दप्रयोग पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला. गच्चीवरच्या टाकीला जे चकचकीत बॉल व्हॉल्व्ह असतात, त्यांच्यावर निकेलचा मुलामा असतो. भावाच्या सहा कॉकपैकी दोन तसलेच निघाले. आधीच्या मालकाने कधीतरी घाईत हार्डवेअरच्या दुकानातून आणून बसवले असणार. घराच्या टाकीला ते उत्तम आहेत, माझ्याही घरी तेच आहेत. होडीच्या तळाला ते नकोत.

आता जोर कशावर द्यायचा ते सांगते, कारण नाशिकच्या माणसाला होडीच्या तळाचं भोक म्हणजे काय ते पटकन डोळ्यांसमोर येत नाही. आपल्याकडे पाणी चढताना दिसतं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की गोदाकाठी लोक दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात. पायाला पाणी लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत गेलं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात तर तो अख्खा बुडाला. पण तोवर दुकानदारांनी माल हलवलेला असतो. पूर आपल्याला वेळ देतो.

होडीच्या तळाला दीड इंचाचं भोक, पाण्याच्या पातळीखाली दोन फूट. त्यातून मिनिटाला साधारण दीडशे लिटरच्या पुढेच पाणी आत येतं. गच्चीवरची हजार लिटरची टाकी डोळ्यांसमोर आणा, ती पाच-सात मिनिटांत भरेल. लहान होड्यांत पाणी उपसायला जो विजेचा पंप असतो, तो बरेचदा ताशी ५०० गॅलनचा. म्हणजे मिनिटाला जेमतेम तीस लिटर, तेही वर चढवायची उंची शून्य धरून. हिशेब लागत नाही. आणि हे सगळं पाटाखाली, इंजिनामागे, जिथे कोणी बघत नसतं तिथे. पायाला ओलं लागतं तेव्हा उशीर झालेला असतो. होडी धक्क्याला बांधलेली असेल आणि मालक घरी झोपलेला असेल, तर पायाला ओलं लागायलाही कोणी नसतं.

अशी भोकं भावाच्या होडीला सहा: इंजिनाचं पाणी, संडासात येणारं, संडासातून जाणारं, सिंकचं आणि मागच्या बसायच्या जागेतून पाणी वाहून जायची दोन. प्रत्येक भोकात भूछत्री टोपीची नळी बसते. टोपी बाहेरून, मागून आतल्या बाजूला मोठा नट. त्यावर कॉक, कॉकवर होजचं टोक, टोकावर होज. कडी तुटली तर कॉकच्या अलीकडे तुटली की पलीकडे, यावर सगळं ठरतं. पलीकडे, म्हणजे होजच्या बाजूला तुटली तर कॉक बंद करून वाचता येतं, अर्थात कॉक फिरत असेल तर. भावाचे दोन कॉक फिरतच नव्हते. "कधी फिरवलेस शेवटचे?" मी विचारलं. तो गप्प बसला. मी रागावले. महिन्यातून एकदा उघड-बंद केले असते तर ते फिरत राहिले असते, आणि होडीवरून उतरताना ते बंद करायचेच असतात.

मग नवीन काय घ्यायचं, यावर आमचे तीन दिवस गेले.

तो पहिल्यांदा म्हणाला, प्लास्टिकच घेऊ, कळंकाची भानगडच नको. इथे दिंडोरी रोडला ठिबकचं सामान मिळतं, द्राक्षबागेतले पांढरे व्हॉल्व्ह. मी त्याला थांबवलं. तो पीव्हीसी. बागेत फुटला तर चार वेली जास्त भिजतात. पाटाखाली त्याच्यावर नांगराची साखळी पडली तर तो तडकेल. होड्यांसाठी काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे कॉक वेगळे येतात. अमेरिकेतला मॅरेलॉन आणि न्यूझीलंडचा ट्रूडिझाइन ही त्यातली जुनी-जाणती नावं. ते चांगले आहेत. समुद्र त्यांना खात नाही, वीज त्यांच्यातून जात नाही. होडी अॅल्युमिनियमची असती तर मी डोळे झाकून तेच घ्यायला सांगितलं असतं, कारण अॅल्युमिनियमला ब्राँझ भिडवलं की अॅल्युमिनियमचा बळी जातो. फक्त ते अडकल्यावर हिसका देऊन चालत नाही, दांडा तुटतो. माझा भाऊ अडकलेल्या गोष्टीला हिसका देणाऱ्यांतला आहे, हे मी लहानपणापासून बघत आलेय.

मग स्टेनलेस. नाव ऐकून सगळ्यांना तेच सगळ्यात मजबूत वाटतं. ३१६ ग्रेडमध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, मिठाला तो बराच तग धरतो. पण स्टेनलेसची चमक हवेतल्या ऑक्सिजनवर जगते. नटाखाली, सीलंटखाली, जिथे साचलेलं पाणी आहे आणि हवा नाही, तिथे त्याला आतल्या आत किडीसारखी भोकं पडतात. रेलिंगला घ्या, तळाला नको.

उरलं ब्राँझ, आणि खरी गोची तिथेच आहे. ब्राँझ हे नाव कोणीही कशालाही देतं. मँगनीज ब्राँझ म्हणून जो धातू विकतात त्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास जस्त असतं. नावात ब्राँझ, पोटात पितळ. नेव्हल ब्रास म्हटलं की आरमाराचं वाटतं, त्यातही जस्त तेवढंच, वर एक टक्काभर कथील. म्हणून मी त्याला म्हटलं, नाव विचारू नकोस, आकडे विचार. आपल्याकडे फाउंड्रीत ज्याला गनमेटल म्हणतात, त्यातलं रोजचं मिश्रण ८५-५-५-५. तांबं ८५, कथील ५, शिसं ५, जस्त ५. भारतीय मानक आयएस ३१८ मध्ये याला एलटीबी-२ म्हणतात. जस्त पाच टक्केच असल्यामुळे ते निघून जायची भीती उरत नाही. कथील महाग, म्हणून गनमेटलचा भाव पितळेपेक्षा बराच वर. काही ठिकाणी सिलिकॉन ब्राँझ वापरतात, तेही चालतं. युरोपात एक मधला मार्ग आहे: ३६ टक्के जस्ताच्या पितळेत चिमूटभर आर्सेनिक घालतात, त्याने जस्त धरून ठेवलं जातं. त्यावर डीझेडआर किंवा सीआर असा शिक्का असतो. शिक्का असेल तर तो पितळेचा शहाणा भाऊ समजावा. शिक्का नसेल तर ते पितळच समजावं.

होड्यांच्या या सामानासाठी १९९४ साली एक आंतरराष्ट्रीय मानक आलं, आयएसओ ९०९३. त्यात गंज न धरणारा धातू कोणता, याची व्याख्या अशी होती की पाच वर्षांच्या वापरात ज्यात गळती किंवा ताकदीला बाधा आणणारा दोष दिसत नाही तो. पाच वर्षं! मी ते दोनदा वाचलं. आमच्या देवघरातली घागर आजीच्या लग्नातली आहे. पाच वर्षांचं सामान होडीच्या तळाला बसवायचं आणि सहाव्या वर्षी होडी विकायची, असा हा व्यवहार वाटतो मला. विकत घेणाऱ्याला कोणी सांगत नाही की मुदत संपली.

आट्यांचं प्रकरण मला वाटलं होतं त्याहून नाजूक निघालं. भावाच्या भूछत्री नळ्यांचे आटे सरळ होते, टोकापासून बुडापर्यंत एकाच व्यासाचे. तसे असावेच लागतात, कारण आतला नट त्यावर कुठेही घट्ट करता यायला हवा. पण प्लंबिंगच्या अनेक बॉल व्हॉल्व्हचे आटे निमुळते असतात. सरळ नळीवर निमुळता व्हॉल्व्ह चढवला की दोन-तीन आट्यांतच तो अडकतो आणि घट्ट बसल्यासारखा वाटतो. मी जुना व्हॉल्व्ह फिरवून काढला तेव्हा मोजलं. अडीच फेरे. अडीच फेऱ्यांवर एक माणूस, त्याची होडी आणि बरोबरचे दोन मित्र अलिबागला जाऊन येत होते. त्यात आट्यांची मानकंही दोन: आपल्याकडे चालतं बीएसपी, अमेरिकन सामान येतं एनपीटीचं. अर्ध्या आणि पाऊण इंचात दोन्हींचे इंचाला चौदाच आटे, त्यामुळे ते एकमेकांत जातातही, पण आट्याचा कोन वेगळा, एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. जातंय म्हणजे बसतंय असं नाही. म्हणून नळी, कॉक आणि टोक तिन्ही एकाच कारखान्याचं, एकाच संचातलं घ्यायचं, यावर मी अडून बसले.

आणि कॉक असा हवा ज्याला खाली रुंद पायथा आहे, तीन बोल्टांनी ठोकळ्याला आवळलेला. नुसता नळीच्या टोकावर चढवलेला व्हॉल्व्ह म्हणजे काठीच्या टोकावर ठेवलेला वरवंटा. कोणाचा पाय पडला की सगळा भार नळीच्या मुळावर. अमेरिकेतल्या एबीवायसी या होड्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमांत याची एक साधी चाचणी आहे: बसवलेल्या जोडणीच्या आतल्या टोकाला ५०० पौंडांचा भार तीस सेकंद द्यायचा, ती हलता-तुटता कामा नये. ५०० पौंड म्हणजे सव्वादोन क्विंटल, कांद्याच्या पन्नास किलोच्या साडेचार गोण्या. भावाला गोण्यांचा हिशेब सांगितला तेव्हा तो पहिल्यांदा नीट ऐकायला लागला. लासलगावला त्याचे चुलते आहेत, त्याने लहानपणी गोण्या उचलल्यात.

अण्णा हे सगळं झोपाळ्यावर बसून ऐकत होते. मला त्यांच्याकडे बघायचं धैर्य होत नव्हतं, हे खरं. आमच्या चार पिढ्या पितळेवर जगल्या. घागरी, पराती, बंब, समया. भांडी बाजारात आमच्या हातचं पितळ ठोक्यावरून ओळखायचे. आणि मी तीन दिवस त्याच अंगणात बसून पितळ कसं फसवतं ते सांगत होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी तो कापलेला तुकडा परत मागितला. चष्मा कपाळावर सरकवून, डोळ्याजवळ धरून बराच वेळ पाहिला.

"पितळ गोड्या पाण्याचं गं," ते म्हणाले. "गोदेचं पाणी भरायचं, संध्याकाळी चिंचेने घासायचं, उपडं घालायचं. हे रोजचं. तेव्हा ते शंभर वर्षं पुरतं. याला कोणी घासलं नाही, कोरडं केलं नाही. त्याचा काय दोष?"

मग त्यांनी भावाला विचारलं, नव्याचा आवाज कसा आहे. तेव्हा ते नवं अजून यायचं होतं.

जुलैत खोकं आलं. सहा कॉक, सहा नळ्या, सहा टोकं, सगळं एका कारखान्याचं, धातूच्या दाखल्यासकट. दाखला होता तरी मी एक टोक सातपूरला नेऊन ठिणगीखाली धरलंच. तांबं ८४.७, कथील ४.९, जस्त ५.२, शिसं ४.८. घरी येऊन मी आकडे वाचून दाखवले. अण्णांनी एका कॉकवर बोटाचं हाड वाजवलं. पितळेपेक्षा जरा बसका, भरलेला आवाज. "कथील आहे," म्हणाले, आणि तो कॉक त्यांनी दुपारभर झोपाळ्यावर शेजारी ठेवला.

ऑगस्टात मी दोनदा कसारा उतरून मुंबईला गेले. होडीच्या तळाच्या पोटात दोन काचथरांच्या मधे बाल्सा लाकूड निघालं, कापसासारखं हलकं. भोकाभोवतीचं ते खरवडून काढून तिथे इपॉक्सी भरावं लागलं, नाहीतर नट आवळताना तळच चेपला असता आणि पुढे लाकूड पाणी पीत राहिलं असतं. त्यावर इपॉक्सी-काचेचे जाड ठोकळे, त्यावर पायथे. सिलिकॉन नाही वापरलं, पॉलियुरेथेन वापरलं. होजला प्रत्येक टोकावर दोन-दोन क्लिपा, तोंडं एकमेकांच्या उलट दिशेला. आणि प्रत्येक कॉकच्या गळ्यात सुतळीने बांधलेली मऊ लाकडाची निमुळती खुंटी, सगळं हरलं तर भोकात ठोकायला. त्या सहा खुंट्या पंचवटीतल्या एका सुताराकडून घडवल्या. तो विचारत होता, एवढे भोवरे कशाला.

ऑक्टोबरात होडी पाण्यात सोडली. पट्ट्यांतून लगेच मोकळी करू नका, असं क्रेनवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं. भाऊ आणि मी पाटाखाली डोकं घालून बसलो. हातात घरून नेलेल्या टिश्यू पेपरचं पाकीट. एकेका कॉकच्या पायथ्याभोवती कोरडा कागद फिरवायचा, उजेडात धरायचा, पुढे जायचं. पहिला कोरडा, दुसरा कोरडा. संडासाचे दोन्ही कोरडे. सिंकच्या कॉकवर कागदाच्या कोपऱ्याला थेंबाएवढा डाग आला. भावाने श्वास धरला. होजची वरची क्लिप पाव फेरा आवळली, नवा कागद घेतला, पुसून पाहिलं, पुन्हा नवा घेतला. कोरडा.

सगळ्यात शेवटी इंजिनाचा. तो मी स्वतः पाहिला. मग भावाने दांडा धरला आणि नव्वद अंशांत फिरवला. दांडा होजच्या रेषेत आला, म्हणजे उघडा. होजमधून पाणी वर सरकल्याची गुळगुळ ऐकू आली. मी क्रेनवाल्याला हात केला.